पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच: जुन्या डेस्कटॉपचा ‘नो डिस्प्ले’ कसा शोधायचा

बटण दाबलं, कॅबिनेटमधला पंखा घुमला, समोरचा दिवा लागला आणि मॉनिटर मात्र काळाच. अशा वेळी बहुतेक जण थेट रॅम काढून घासायला बसतात. कधी कधी तेवढ्यानं कामही होतं. नाही झालं की मग ग्राफिक्स कार्ड काढ, केबल बदल, बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) रिसेट कर असा गोंधळ सुरू होतो, आणि तासाभरानं नेमकं काय तपासून झालं नि काय राहिलं तेच आठवत नाही.

‘डिस्प्ले येत नाही’ या एका तक्रारीत तीन अगदी वेगळे बिघाड दडलेले असतात. मशीनला वीजच नीट मिळत नाही. किंवा वीज मिळते, पण सुरू होताना संगणक स्वतःची जी तपासणी करतो, म्हणजे ‘पोस्ट’, ती मध्येच अडकते. किंवा संगणक आत व्यवस्थित चालू झालेला असतो आणि फक्त चित्र पडद्यापर्यंत पोचत नाही. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी यांतला कोणता प्रकार आहे ते ठरवा. त्याला चार-पाच मिनिटं पुरतात.

आधी कीबोर्डवरून अंदाज घ्या

मशीन सुरू करून दीड-दोन मिनिटं थांबा आणि कीबोर्डवरचं नम लॉक बटण तीन-चार वेळा दाबा. दर वेळी त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्ड काम करत आहेत. मग रॅम घासण्यात वेळ घालवू नका; दोष मॉनिटर, केबल, पोर्ट किंवा ग्राफिक्स कार्डात आहे. दिवा लागलाच नाही, किंवा लागलेला विझतच नाही, तर मशीन पोस्टमध्येच अडकलं आहे.

यूएसबी कीबोर्ड मागच्या पोर्टला लावा, समोरच्या नको. गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड असेल तर तो मशीन सुरू करण्याआधीच जोडा, चालू मशीनला नाही. दुसरी खूण पॉवर बटणाची. ते एकदाच हलकं दाबल्यावर डिस्कचा दिवा लुकलुकत मशीन थोड्या वेळानं आपोआप बंद झालं, तर ऑपरेटिंग सिस्टिम आत चालू होती. चार-पाच सेकंद दाबून धरल्याशिवाय बंदच होत नसेल, तर बहुधा पोस्ट अडकला आहे.

चित्र पोचत नसेल तर

मॉनिटरची सिग्नल केबल संगणकाच्या बाजूनं काढा, वीज चालू ठेवा. चांगला मॉनिटर लगेच ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ असं काहीतरी दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आधी मॉनिटरची पॉवर केबल आणि ॲडॉप्टर बघा. दिवा लागतो पण पडदा अंधारा आहे, असं असेल तर खोलीतला उजेड कमी करून टॉर्च तिरका धरून पडद्यावर मारा. अक्षरं पुसट दिसली तर पॅनेल ठीक आहे, मागचा बॅकलाइट गेला आहे. जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये बॅकलाइटला बारीक ट्यूब आणि ती चालवणारा इन्व्हर्टर असतो. दोन्ही वयानुसार थकतात.

मॉनिटरच्या मेनूत इनपुट कोणतं निवडलं आहे तेही बघा. व्हीजीए केबल जोडलेली आणि मेनूत डीव्हीआय निवडलेलं, हे फार वेळा घडतं. व्हीजीए प्लगमध्ये १५ पिनांच्या जागा असतात, पण ९ नंबरची पिन अनेक केबलमध्ये मुळातच नसते. ती जागा रिकामी दिसली म्हणून केबल फेकू नका. वाकलेली किंवा आत गेलेली पिन मात्र खरा दोष आहे.

कन्व्हर्टर वापरत असाल तर दोन गोष्टी तपासा. डीव्हीआयच्या चपट्या पात्याभोवती चार छोटी भोकं असतील तरच त्या पोर्टातून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल मिळतो. नसतील तर तो फक्त डिजिटल सिग्नल देणारा डीव्हीआय-डी असतो आणि साध्या जोडाला व्हीजीए मॉनिटर लावून काही दिसणार नाही. तसंच डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारी साधी केबल उलट्या दिशेनं चालत नाही. संगणकाला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल, तर वीज घेणारा वेगळा कन्व्हर्टरच लागतो.

आता केबल संगणकाला कुठे लावली आहे ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल त्याच कार्डाला हवी. कार्ड दिसलं की बरेच मदरबोर्ड स्वतःचे व्हिडिओ पोर्ट बंद करतात. उलट बाजूनं, मदरबोर्डवर व्हीजीए पोर्ट आहे म्हणजे तिथून चित्र येईलच असंही नाही. इंटेलच्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरच्या काळात ग्राफिक्स चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये, असायचे, म्हणून जी३१ किंवा जी४१ चिपसेटच्या बोर्डावर कोणताही प्रोसेसर लावला तरी चित्र येई. नंतर इंटेलनं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच नेले. त्यामुळे नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेल प्रोसेसर बसवला तर बोर्डावरचं पोर्ट शोभेपुरतंच राहतं.

बायोसचा लोगो दिसतो आणि विंडोज सुरू होताना पडदा काळा होतो किंवा ‘आउट ऑफ रेंज’ येतं, तर हार्डवेअर उघडण्याची गरज नाही. मॉनिटरला न झेपणारं रेझोल्यूशन किंवा बिघडलेला ड्रायव्हर हे त्याचं नेहमीचं कारण. विंडोज ७ मध्ये सुरू होताना एफ८ दाबून कमी रेझोल्यूशनचा पर्याय निवडा. नव्या विंडोजमध्ये सेफ मोडमधून ड्रायव्हर काढा.

कॅबिनेट उघडण्याआधी

एसएमपीएसचं, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, मागचं स्विच बंद करा, पॉवर केबल काढा आणि समोरचं पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. फक्त संगणक ‘बंद’ करून रॅमला हात घालू नका. केबल जोडलेली असताना बोर्डावर ५ व्होल्टची स्टँडबाय वीज असतेच. काम करताना अधूनमधून कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावत राहा. नायलॉनच्या गालिच्यावर बसून हे काम करू नका.

धूळ ब्रशनं काढा. ब्लोअर वापरलात तर पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोतानं पंखा त्याच्या झेपेपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

वीज खरंच पोचते का

पंखा फिरला म्हणजे वीज ठीक, हा समज सगळ्यात जास्त फसवतो. पंख्याला १२ व्होल्ट पुरतात, तेही थोडे कमी-जास्त चालतात. प्रोसेसरला मिळणारी वीज वेगळ्या वाटेनं येते. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या जवळ ४ किंवा ८ पिनांचा चौकोनी प्लग असतो, दोन पिवळ्या आणि दोन काळ्या वायरींचा, किंवा त्याच्या दुप्पट. तो सुटला किंवा सैल झाला, तर सगळे पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन काळीच राहते. साफसफाईनंतर ‘नो डिस्प्ले’ झालेल्या मशीनमध्ये आधी हाच प्लग बघावा. मग २४ पिनांचा मोठा प्लग काढून पुन्हा घट्ट बसवा आणि त्याच्या एखाद्या भोकाभोवती प्लास्टिक पिवळट किंवा जळकं दिसतं का बघा.

मल्टिमीटर असेल तर काम सोपं होतं. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, काळी प्रोब कोणत्याही काळ्या वायरवर, लाल प्रोब प्लगच्या मागून वायरीच्या बाजूनं आत सरकवा. मशीन बंद आणि केबल जोडलेली असताना जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट हवेत. ते नसतील किंवा ४.७५ पेक्षा कमी असतील, तर एसएमपीएसचा स्टँडबाय भाग गेला आहे. पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर एकदा सुरू होणाऱ्या मशीनमध्ये हे नेहमी सापडतं. हिरव्या वायरवर मशीन बंद असताना सुमारे ५ व्होल्ट दिसतात आणि बटण दाबताच ते शून्याजवळ येतात. येत नसतील तर समोरचं बटण, त्याची वायर किंवा बोर्ड दोषी. एसएमपीएसला सांगितलंच गेलेलं नाही.

मशीन चालू असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट असावेत. आता राखाडी वायर बघा. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस या वायरवर सुमारे ५ व्होल्ट देतो. तोपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवतो. राखाडी वायर शून्यावर असेल तर पंखे कितीही फिरोत, पोस्ट सुरूच होणार नाही. काही एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, आणि काही कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपचे कनेक्टरही स्वतःचे असतात. तिथे रंगावर विसंबू नका, त्या मॉडेलचा पिनांचा तक्ता पाहा.

हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडून एसएमपीएस सुरू करण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते. ती उपयोगी आहे, पण त्यातून कळतं एवढंच की तो सुरू होतो. भार आल्यावर टिकतो का, हे कळत नाही. शक्य असेल तर बोर्ड जोडूनच मोजा. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठतं आणि केबल काढल्यावरही काही काळ राहतं.

रॅम: घासा, पण नीट घासा

जुन्या मशीनमध्ये हीच जागा सगळ्यात आधी कुरकुरते, कारण रॅमचे सोनेरी संपर्क आणि स्लॉटमधल्या बारीक पट्ट्या यांच्यात वर्षानुवर्षं धूळ आणि ओलावा साचतो. थंड-गरम होत राहिल्यानं रॅम केसभर वरही सरकते.

रॅम दोन्ही कडांनी धरा. पांढरं, मऊ खोडरबर घ्या आणि संपर्कांच्या लांबीच्या दिशेनं, बोर्डाकडून कडेकडे, हलक्या हातानं तीन-चार वेळा फिरवा. शाईचं खरखरीत खोडरबर किंवा पॉलिश पेपर नको. त्या संपर्कांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. तो खरवडला की आज चालेल आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार परत येईल. खोडरबराचे कण झटकून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलसर केलेल्या कापडानं पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. स्लॉट कोरड्या, मऊ ब्रशनं साफ करा. सुई किंवा टाचणी आत घातली तर पट्टी वाकेल आणि स्लॉट कायमचा जाईल.

बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना सारखा जोर देऊन दोन्ही कुलपं ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा. एका बाजूची लागली आणि दुसरी अर्धवट, हे डोळ्यांना पटकन दिसत नाही. आता एकच रॅम, एकच स्लॉट. चालली नाही तर तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम पहिल्या स्लॉटमध्ये. प्रत्येक वेळी पूर्ण एक मिनिट थांबा. रॅम बदलल्यावर काही बोर्ड दोन-तीनदा स्वतःहून बंद-चालू होतात आणि मगच चित्र देतात. त्या घाईत लोक चांगली रॅम बाजूला टाकतात.

रॅम नव्यानं घेऊन बसवली असेल तर वेगळा पेच असतो. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही २४० पिनांच्या, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेजही वेगळं, १.८ आणि १.५. त्यामुळे एकाची दुसऱ्यात बसत नाही. जोर लावू नका. खाच जुळली तरी चालेलच असं नाही. जी४१ चिपसेटला २ गिगाबिटपेक्षा (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) मोठ्या चिप समजत नाहीत. म्हणून ४ जीबीची डीडीआर३ रॅम घेतलीत तर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेली घ्या. ८ चिपची तीच ४ जीबी रॅम त्या बोर्डावर नीट चालणार नाही, आणि दोष रॅमचा नसतो.

बीप ऐका, आणि बीप नसेल तर स्पीकर लावा

अनेक जुन्या कॅबिनेटमध्ये स्पीकर असतो, पण त्याची वायर निसटलेली असते. बोर्डावर ‘स्पीकर’ लिहिलेल्या चार पिनांवर छोटा बझर लावला तर बरीच मेहनत वाचते.

आता सगळ्यात बोलकी चाचणी करा. सगळ्या रॅम काढून मशीन सुरू करा. बीप वाजू लागले तर प्रोसेसर जिवंत आहे, बायोस वाचला जातो आहे आणि वीज पुरेशी आहे. दोष रॅम, तिचे स्लॉट किंवा ग्राफिक्स यांत शोधायचा. रॅम नसतानाही बोर्ड गप्प राहिला, तर रॅम घासून काहीही होणार नाही. वीज, प्रोसेसर, बायोस किंवा खुद्द बोर्ड, यांतलं काहीतरी आहे.

बीपचा अर्थ बायोस कोणत्या कंपनीचा आहे त्यावर ठरतो. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे ग्राफिक्स, सतत लांब बीप म्हणजे रॅम. एएमआय बायोसमध्ये एक ते तीन बीपची तक्रार रॅमकडे बोट दाखवते आणि आठ बीप ग्राफिक्सच्या मेमरीकडे. मात्र एकच छोटा बीप होऊन मशीन पुढे गेलं तर सगळं ठीक आहे. फिनिक्सचे बीप गटागटानं, मध्ये थांबत येतात, ते आकड्यांत लिहून ठेवा आणि बोर्डाच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहा. एचपीच्या जुन्या ऑफिस डेस्कटॉपवर पॉवरचा दिवा लाल होऊन लुकलुकतो: दोनदा म्हणजे प्रोसेसर तापला, तीनदा प्रोसेसर सापडत नाही, चारदा वीज, पाचदा रॅम, सहादा ग्राफिक्स.

ग्राफिक्स कार्ड

कार्ड काढून त्याचे संपर्कही रॅमसारखेच साफ करा. बोर्डावर स्वतःचे ग्राफिक्स असतील तर कार्ड बाजूला ठेवून बोर्डाच्या पोर्टावर मॉनिटर लावा. चित्र आलं तर कार्ड किंवा त्याची वीज दोषी. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. मोठ्या कार्डाला त्याशिवाय ६ पिनांचा प्लग ७५ आणि ८ पिनांचा १५० वॉट पुरवतो. तो लावायचा राहिला तर कार्डाचा पंखा फिरूनही चित्र येत नाही.

जड कार्ड मागच्या बाजूला लोंबून स्लॉटमधून किंचित वर उचललं जातं. कॅबिनेट आडवं ठेवून चाचणी घ्या. आडवं असताना चाललं तर कारण तेच. नवं कार्ड जुन्या बोर्डावर टाकलं असेल तर बोर्डाचं बायोस त्याला ओळखत नसण्याची शक्यता धरा, आणि ते कार्ड दुसऱ्या मशीनवर तपासल्याशिवाय खराब ठरवू नका. ओव्हनमध्ये कार्ड भाजून दुरुस्त करण्याचा उपाय करू नका. चाललंच तर थोडे दिवस चालतं, आणि तापलेल्या प्लास्टिक-सोल्डरचा धूर अन्न शिजवायच्या जागी नको.

बायोस रिसेट आणि बटण सेल

केबल काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर असतो, २.८ च्या खाली असेल तर बदला. बहुतेक बोर्ड सेल संपला तरी चित्र देतात, फक्त घड्याळ मागे जातं, पण काही बोर्ड अडून बसतात. सेल बाहेर असतानाच ‘क्लिअर सीमॉस’ जंपर (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या तीन पिनांवरची छोटी टोपी) पिन १-२ वरून २-३ वर १० सेकंद ठेवा आणि आठवणीनं परत १-२ वर आणा. तो तिकडेच राहिला तर बरेच बोर्ड सुरूच होत नाहीत.

तरीही काही नाही

आता मशीन कमीत कमी भागांवर आणा: बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस, स्पीकर. डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, जास्तीची कार्डं, समोरचे यूएसबी, सगळं काढा. समोरच्या तुटक्या यूएसबी पोर्टात पिना एकमेकांना चिकटल्या तरी मशीन अडतं. समोरच्या पॅनेलच्या वायरीही काढा, विशेषतः रिसेटची. रिसेट बटण आत अडकून बसलं तर पंखे फिरत राहतात आणि प्रोसेसर कायम रिसेटमध्येच राहतो. लक्षणं हुबेहूब मेलेल्या बोर्डासारखी. सुरू करायला ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा.

बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. तिथे चालला तर कॅबिनेटमध्ये बोर्ड उचलून धरणारा एखादा जास्तीचा पितळी स्टँड किंवा पडलेला स्क्रू बोर्डाच्या पाठीला टेकत होता. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर तिरक्या उजेडात बघा: माथा सपाट हवा. फुगलेला, फुटलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग असलेला कपॅसिटर म्हणजे प्रोसेसरची वीज अस्थिर. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बोर्डांत हा दोष कुप्रसिद्ध आहे. बदलताना क्षमता तीच, व्होल्टेज तितकंच किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि लो ईएसआर (आतला विद्युतरोध कमी असलेल्या) प्रकारचा घ्या.

प्रोसेसर शेवटी काढा. एएमडीच्या जुन्या सॉकेटमध्ये वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंकसोबत (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून सरळ ओढू नका, हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळत सैल करा. इंटेलच्या एलजीए प्रकारच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. भिंगातून तिरकं बघा, एकही पिन रांगेतून बाहेर दिसायला नको. एलजीए ७७५ च्या हीटसिंकच्या चार खुंट्यांपैकी एक जरी सुटली असेल तर प्रोसेसर तापून मशीन काही सेकंदांत बंद होऊ शकतं.

खात्रीची रॅम आणि खात्रीचा एसएमपीएस लावूनही, रॅमशिवायसुद्धा एक बीप येत नसेल, तर संशय आधी बोर्डावर घ्या. प्रोसेसर त्या मानानं क्वचित जातो. दरम्यान आतली माहिती हवी असेल तर थांबायची गरज नाही. डिस्क काढा आणि दुसऱ्या संगणकाला साटा (डिस्क थेट बोर्डाला जोडणारी) केबलनं किंवा यूएसबी ॲडॉप्टरनं जोडा, ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेला ॲडॉप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरणार नाही.